सैल वाळू, घट्ट वाळू

महाराष्ट्रात वाळू ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. २०२३ साली राज्य सरकारने नवं वाळू धोरण आणलं तेव्हा दर सांगितला गेला ब्रासला ६०० रुपये, म्हणजेच टनाला १३३ रुपये. या दोन आकड्यांचा भागाकार केला की कळतं, सरकारने एका ब्रासमध्ये साडेचार टन वाळू धरली होती. घनमीटरला साधारण १.६ टन. कोरड्या वाळूला हा आकडा ठीक आहे, पण नदीपात्रातून उपसलेली वाळू कोरडी असते कुठे? वजनाच्या पाचेक टक्के पाणी धरलेली ओलसर वाळू फुगते. कणांवरचा पाण्याचा पातळ थर पृष्ठताणामुळे शेजारच्या कणांना चिकटवून धरतो, त्यामुळे कण घसरून खालच्या फटीत बसत नाहीत आणि अधांतरी कमानी करून राहतात. साधी वाळू अशी वीस ते तीस टक्के फुगते, बारीक वाळू त्याहूनही जास्त. पंचवीस टक्के फुगलेली वाळू शंभर घनफूट घेतली, तर घरात कोरडी वाळू आली ऐंशीच घनफूट. हीच वाळू पाण्यात पूर्ण बुडवली, की कणांना धरून ठेवणारे ते थरच नाहीसे होतात आणि वाळू खाली बसून पुन्हा कोरडीइतकी जागा घेते. काचेच्या बरणीत ओलसर वाळू भरून, खूण करून, वरून पाणी ओतलं की फुगवटा किती होता ते पाच मिनिटांत दिसतं. ज्याचं घर बांधून चाललंय त्याने हे एकदा करून पाहायला हरकत नाही.

धान्य पायलीने आणि शेराने मोजलं जायचं तेव्हाही वाद याच गोष्टीचे होत. माप आपटून भरायचं की नुसतं ओतायचं, वर शीग ठेवायची की काठाशी हात फिरवून सपाट करायचं, यात पसा-दोन पशांचा फरक सहज पडे. तिथे नुकसान पैशापुरतं होतं. धरणाच्या भरावात, इमारतीच्या पायाखाली किंवा रेल्वेच्या रुळांखाली दाण्यांच्या दाटीचा हिशेब चुकला तर जे होतं ते पैशात मोजता येत नाही. कारण दाणे तेच राहिले तरी त्यांची दाटी बदलली की पदार्थाचा स्वभावच बदलतो. सैल वाळू आणि घट्ट वाळू यांना जवळजवळ दोन वेगळे पदार्थ समजावं लागतं.

दाटीला मर्यादा आहेत, खालची आणि वरचीही. एकसारख्या गोळ्या शक्य तितक्या नेटक्या रचल्या, फळवाला संत्र्यांचा ढीग रचतो तशा, तर एकूण जागेपैकी ७४.०५ टक्के जागा भरते. यापेक्षा दाट रचना असूच शकत नाही असा अंदाज योहानेस केप्लरने १६११ साली एका छोट्या पुस्तिकेत मांडला होता. तो सिद्ध व्हायला जवळजवळ चार शतकं लागली. थॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञाने १९९८ मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्धता दिली. ती तपासणाऱ्यांनी पूर्ण खात्री देता येत नाही म्हटल्यावर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकाकडूनच पायरीन् पायरी तपासून घेतली आणि ते काम २०१४ साली संपलं. फळवाल्याला अर्थातच याची काही पडलेली नव्हती.

पण वाळू कोणी रचत नाही, ओततात. ओतलेल्या गोळ्या हलवून, ठोकून बसवल्या तरी ६४ टक्क्यांच्या आसपास अडकतात. जे. डी. बर्नाल आणि जी. डी. स्कॉट यांनी १९६०च्या आगेमागे छऱ्यांसारख्या गोळ्या भांड्यात भरून हे मोजलं. अलगद ओतून ठेवलं तर साठ टक्के, अगदी हळुवारपणे द्रवात तळाशी बसू दिलं तर पंचावन्नपर्यंतही खाली जाता येतं. म्हणजे सगळ्यात सैल आणि सगळ्यात घट्ट अवस्थेतलं अंतर जेमतेम नऊ-दहा टक्क्यांचं. खऱ्या वाळूत लहानमोठे, कंगोरेदार कण असल्याने आकडे बदलतात, पण पट्टा असाच अरुंद राहतो. म्हणूनच अभियंते नुसती घनता सांगत नाहीत, ‘सापेक्ष घनता’ सांगतात: या वाळूची सर्वात सैल अवस्था शून्य, सर्वात घट्ट अवस्था शंभर, आणि आपली वाळू या दोहोंमध्ये कुठे आहे. पस्तीसच्या खाली सैल, पासष्टच्या वर घट्ट. या अरुंद पट्ट्यातच पुढचं सगळं नाट्य घडतं.

त्याचा पहिला धागा सापडला मँचेस्टरच्या ऑसबोर्न रेनॉल्ड्सला. द्रवांच्या प्रवाहाबद्दलच्या त्याच्या नावाच्या अंकामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो. १८८५ साली त्याने एक शोधनिबंध लिहिला, त्यातलं निरीक्षण समुद्रकिनाऱ्यावर फिरणाऱ्या प्रत्येकाने केलेलं आहे. लाट नुकतीच ओसरलेली, वाळू ओली आणि टणक. तिच्यावर पाऊल ठेवलं की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी दिसते. दाब दिल्यावर स्पंजातून पाणी बाहेर यावं तसं इथे व्हायला हवं होतं. उलट पाणी आत जातं. रेनॉल्ड्सने यावर प्रयोग केला. रबराची पिशवी, तिच्यात घट्ट बसवलेली वाळू आणि पाणी, पिशवीच्या तोंडाला काचेची नळी. पिशवी दाबली की नळीतलं पाणी वर चढण्याऐवजी खाली उतरत होतं. पिशवीतली जागा वाढत होती.

कारण साधं आहे. घट्ट बसलेल्या वाळूत प्रत्येक कण खालच्या कणांमधल्या खाचेत रुतलेला असतो. त्याला बाजूला सरकायचं तर आधी खाचेतून वर चढावं लागतं. सगळ्या कणांचं असंच, म्हणून आकार बदलायचा असेल तर सगळ्या वाळूला आधी फुगावं लागतं. फुगल्यावर पोकळ्या मोठ्या होतात आणि पाणी त्यांत खेचलं जातं. रेनॉल्ड्सने पुढे पिशवीचं तोंडच बंद करून टाकलं. आता जास्तीचं पाणी आत येणार कुठून? ते येत नाही म्हणून वाळूला फुगता येत नाही, आणि फुगता येत नाही म्हणून आकारही बदलता येत नाही. मऊ पिशवी दगडासारखी झाली, वर जड वजनं ठेवली तरी दबली नाही. रेनॉल्ड्सला या गुणधर्माने इतकं झपाटलं की पुढे त्याने संपूर्ण विश्वातला ईथर अशा दाण्यांचा बनलेला आहे, अशी उपपत्ती मांडणारं पुस्तकच लिहिलं. ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पिशवी मात्र टिकली. हवा काढून घेतलेलं कॉफीच्या पुडीचं विटेसारखं पाकीट टणक लागतं ते याच कारणाने. बाहेरची हवा दाणे एकमेकांवर दाबून धरते, त्यांना फुगायला वाव ठेवत नाही. भोक पाडलं की वीट पुन्हा पूड होते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याच तत्त्वावर यंत्रमानवाचा हात केला: कॉफीची पूड भरलेला फुगा वस्तूवर टेकवायचा, हवा ओढून घ्यायची, फुगा वस्तूभोवती कडक होतो आणि ती उचलतो. बोटं नाहीत, सांधे नाहीत.

सैल वाळूचं सगळं उलट. तिच्यातले कण खाचांत बसलेले नसतात, एकमेकांवर कसेबसे टेकलेले असतात. धक्का दिला की ते खाचांत पडतात आणि वाळू आकसते.

फुगायची घट्ट वाळूला किंमत मोजावी लागते आणि तीच तिची ताकद. कण वर चढवायला, वरचा भार उचलायला जास्तीचं बळ लागतं. कण एकमेकांवरून सरकायला किती विरोध करतात हे अभियंते ‘घर्षणकोना’ने सांगतात. सैल वाळूचा घर्षणकोन तीस अंशांच्या आसपास असतो, तीच वाळू घट्ट बसवली की चाळीसपर्यंत जातो. कोनातले हे दहा अंश ऐकायला थोडे वाटतात. पायाच्या भारक्षमतेच्या नेहमीच्या सूत्रात घातले तर खोलीमुळे मिळणारी क्षमता तिपटीहून जास्त होते. इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. वाळूच्या ढिगाचा उतार पाहून तिच्या ताकदीचा अंदाज बांधायची सवय आपल्याला असते. पण ढिगाच्या पृष्ठभागावरची वाळू नुकतीच घरंगळत आलेली, सैल असते. तो उतार फक्त सैल वाळूबद्दल बोलतो. घट्ट बसलेल्या वाळूची ताकद ढीग कधीच दाखवत नाही.

१९३६ साली आर्थर कॅसाग्रांदे यांनी या दोन्ही टोकांना एका सूत्रात ओवलं. ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले, मृदा-अभियंते कार्ल टर्झागी यांचे सहकारी, नंतर हार्वर्डला प्राध्यापक. त्यांच्या लक्षात आलं की सैल आणि घट्ट वाळूचे नमुने कापत नेले, म्हणजे वरचा भाग खालच्यावरून सरकवत नेला, तर सैल आकसत जाते, घट्ट फुगत जाते आणि पुरेसं सरकल्यावर दोन्ही एकाच दाटीला येऊन पोचतात. त्यानंतर कितीही कापलं तरी ना फुगणं ना आकसणं. या दाटीला त्यांनी ‘क्रिटिकल’ म्हटलं. घट्ट वाळू सुरुवातीला खूप ताकद दाखवते, मग फुगून या अवस्थेला येईपर्यंत ताकद गमावते. सैल वाळू हळूहळू तिथवर चढते. म्हणजे वाळूला विचारायचा खरा प्रश्न ‘तू किती घट्ट आहेस’ हा अपुरा आहे. ‘सरकवल्यावर तू फुगशील की आकसशील’ हा पूर्ण प्रश्न आहे.

आणि उत्तर दाबावरही अवलंबून असतं. क्रिटिकल दाटी प्रत्येक दाबाला वेगळी. जमिनीलगत फुगणारी वाळू शंभर मीटर उंच भरावाच्या तळाशी, वरच्या प्रचंड भाराखाली, आकसणारी ठरू शकते. वर चढण्याऐवजी कणांचे कंगोरेच तुटतात. प्रयोगशाळेत घट्ट म्हणून शिक्का मारलेली वाळू मोठ्या धरणाच्या पोटात सैलासारखी वागते ती अशी.

कोरडी सैल वाळू आकसली तर जमीन थोडी खचते, एवढंच. पोकळ्या पाण्याने भरलेल्या असल्या की गोष्ट वेगळी होते. आकसायचं तर पाण्याला बाहेर जावं लागतं. धक्का सावकाश असेल तर पाणी निघून जातं. भूकंपात सेकंदाला एक-दोन हेलकावे बसतात, तेवढ्यात बारीक वाळूतून पाणी निसटू शकत नाही. मग वरचा भार कणांकडून पाण्याकडे जातो, पाण्याचा दाब वाढत जातो आणि कण एकमेकांवर टेकायचे थांबतात. टेकलेच नाहीत तर घर्षण कुठलं? वाळू द्रव होते. रेनॉल्ड्सच्या पिशवीचीच ही उलटी बाजू: तिथे फुगायला पाणी मिळेना म्हणून वाळू दगड झाली, इथे आकसायला पाणी वाट देईना म्हणून वाळू पाणी झाली.

अमेरिकेत माँटाना राज्यात मिसूरी नदीवर फोर्ट पेक धरण बांधलं जात होतं. ‘लाइफ’ मासिकाच्या १९३६च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर याच प्रकल्पाच्या सांडव्याचं छायाचित्र होतं, इतका त्याचा गाजावाजा. नदीतला गाळ आणि वाळू पाण्यासकट नळांतून आणून ओतायची, पाणी निथळलं की भराव तयार, अशी पद्धत. अशी ओतलेली वाळू सैलच बसते. २२ सप्टेंबर १९३८ रोजी भरावाचा एक मोठा भाग काही मिनिटांत जलाशयाच्या बाजूला वाहत गेला आणि आठ कामगार मेले. चौकशीत तज्ज्ञांची मतं जुळली नाहीत. पायाखालच्या शेल खडकातल्या कमकुवत थरांवर बोट ठेवलं गेलं, पण एवढा भराव इतक्या लवकर इतका दूर पसरला याचा उलगडा वाळू द्रव झाल्याशिवाय नीट होत नाही. मला तरी ही दुसरी बाजू जास्त पटते: घसरण कुठेही सुरू झालेली असो, इतक्या सपाट उतारावर पसरायला पदार्थाने ताकद गमावलेलीच असावी लागते.

जपानमध्ये निईगाता शहरात १६ जून १९६४ रोजी ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. शहर शिनानो नदीच्या मुखाशी, नदीने आणून टाकलेल्या वाळूवर वसलेलं. कावागिशी-चो भागातल्या चार मजली इमारती कलल्या, एक तर जवळजवळ आडवीच झाली. त्यांचे सांगाडे बहुतेक शाबूत होते, काही इमारती पुन्हा उभ्या करून वापरल्याही गेल्या. पायाखालची वाळू तेवढी त्यांना धरून राहिली नव्हती. त्या शहरातली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. तेलाच्या एका कारखान्यात भूकंपापूर्वीच काही टाक्यांखालची वाळू खोलवर कंप देऊन घट्ट बसवून घेतली होती. त्या टाक्या बऱ्यापैकी सुखरूप राहिल्या. जमीन तीच, नदी तीच, हादरे तेच. दाटीतला फरक तेवढा होता.

आपल्याकडे २६ जानेवारी २००१ला कच्छच्या भूकंपात हेच झालं. रणात आणि बन्नीच्या पट्ट्यात जमिनीतून पाणी आणि वाळू उसळून आली, कोरडी पात्रं पाण्याने भरलेली उपग्रहांतून दिसली. चांग, शिवलखा यांसारख्या मातीच्या धरणांखालचा गाळ द्रव झाला, भराव खचले आणि चिरफाळले. दुष्काळामुळे जलाशयांत पाणी फारसं नव्हतं, नाहीतर खालच्या गावांवर काय आलं असतं ते सांगायला नको. कांडला बंदरातला सुमारे २२ मीटर उंच मनोरा खोल खुंटांवर उभा असूनही कलला.

मग वाळू घट्ट करायची कशी? दाबून, असं कोणीही म्हणेल. पण नुसत्या दाबाने वाळू फारशी घट्ट होत नाही. कण एकमेकांवर आणखी रेटून बसतात आणि घर्षणामुळे आहेत तिथेच अडकतात. त्यांना हलवावं लागतं. म्हणून वाळूवर जड रोलरपेक्षा थरथरणारा रोलर कामाचा. शिकागो विद्यापीठात १९९५च्या सुमारास काचेच्या मण्यांनी भरलेली उभी नळी ठोकत राहून दाटी मोजली गेली. पहिल्या काही ठोक्यांत ती भराभर वाढली, मग इतकी मंदावली की हजारो ठोक्यांनंतरही वाढ पूर्ण थांबली नव्हती. दाटी जसजशी वाढते तसतशा मोकळ्या फटी कमी होतात, आणि एका कणाला बसायला जागा करायची तर शेजारच्या अनेकांनी एकदम हलावं लागतं. तसा योग दुर्मीळ होत जातो.

मुरुमात मात्र चिकणमाती असते, तिथे पाणी हातभार लावतं. धुम्मसने जमीन चोपणारे लोक आधी पाणी मारायचे ते याचसाठी. किती पाणी मारायचं याचं मोजमाप लॉस एंजेलिसच्या राल्फ प्रॉक्टरने १९३३ साली ठरवून दिलं. कमी पाण्यात ढेकळं मोडत नाहीत, जास्त पाणी स्वतःच जागा अडवून बसतं, मधे एक बिंदू असतो जिथे सर्वात जास्त दाटी मिळते. आजही कुठल्याही रस्त्याच्या कामावर ‘पंच्याण्णव टक्के प्रॉक्टर आलं का’ हा प्रश्न ऐकू येतो. गंमत म्हणजे बांधकामावर वाळू फुगवणारं तेच पाणी इथे मित्र ठरतं.

रेल्वेची खडी याहून मजेदार. २० ते ६५ मिलिमीटरचे कंगोरेदार तुकडे गाड्यांच्या वजनाने आणि थरथरीने आपोआप घट्ट बसतात. पण कुठे रूळ खचला की तो वर उचलून यंत्राचे दात खडीत घुसवावे लागतात, आणि त्यात वर्षानुवर्षांची बसलेली दाटी मोडते. रूळ सरळ झाला, पण खडी सैल झाली. स्लीपर आडवा सरकू नये म्हणून तिची जी पकड असते ती नेमकी दुरुस्तीनंतर सर्वात कमी असते. उन्हाळ्यात लांबच लांब जोडलेले रूळ तापून वाकायला बघतात, तेव्हा हीच पकड त्यांना धरून ठेवते. म्हणून खडी खोदून चाळण्यासारख्या मोठ्या कामानंतर गाड्यांवर वेगमर्यादा घालतात आणि ती टप्प्याटप्प्याने उठवतात. कुठे कंप देऊन खडी बसवणारं वेगळं यंत्रही फिरवतात.

सगळ्यात घट्ट वाळू मात्र कोणी रोलर न फिरवलेल्या जागी सापडली. चंद्रावर. वरची पंधरा सेंटिमीटर माती मध्यम घट्ट, सापेक्ष घनता पासष्टच्या आसपास. अंतराळवीरांचे बूट त्यात जेमतेम रुतले. पण तीस सेंटिमीटरच्या खाली हा आकडा नव्वदच्या वर गेला. अब्जावधी वर्षं लहानमोठ्या उल्का आदळून दिलेल्या हादऱ्यांनी माती ठोकून बसवलेली. अपोलो ११ मध्ये नमुन्याची नळी आत ठोकताना बझ ऑल्ड्रिनला बराच घाम गाळावा लागला. त्या नळीचं तोंड आतल्या बाजूला निमुळतं होतं, म्हणजे आधीच घट्ट असलेल्या मातीला ती आणखी आवळायला सांगत होती. पुढच्या खेपेला तोंडाचा आकार बदलला.

१९७१ मध्ये अपोलो १५ला डेव्हिड स्कॉट तापमापकांसाठी तीन मीटर खोल भोकं पाडणार होते. पहिलं भोक १.६ मीटरच्या आसपास अडकलं. ड्रिलच्या नळ्यांवर माती वर आणणारे मळसूत्री पन्हाळ होते, पण दोन नळ्यांच्या सांध्यांवर ते उथळ झाले होते. मोकळी झालेली माती फुगली, तिला वर जायला वाट मिळेना, आणि ड्रिल रेनॉल्ड्सच्या बंद पिशवीत सापडल्यासारखा आवळला गेला. आतल्या मातीचा नमुना घेणारी नळी बाहेर काढायला दोघा अंतराळवीरांना मिळून जोर लावावा लागला. अपोलो १६ आणि १७साठी सांध्यांचे पन्हाळ सुधारले आणि नळी उपसायला जॅक दिला. त्यानंतर अपोलो १७ मध्ये तापमापक सुमारे २.३ मीटरपर्यंत गेले.